आमवाताची गोळी: कंपनीची की जेनेरिक? आधी एमजी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंची माय 52 वर्षांची, वजन 48 किलो, चार वर्षांपासून आमवात (रुमेटॉइड आर्थरायटिस). नाशिकच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट 15 एमजी, रोज हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 200 एमजी, फॉलिक अ‍ॅसिड, आणि लागली तर दुखण्याची गोळी. महिन्याचा खर्च हजाराच्या घरात जात होता. दोन महिन्यांपूर्वी सगळं औषध सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या जनऔषधी केंद्रातून आणायला लागले आणि खर्च तीनशेच्या आत आला. पण मायचे हात पुन्हा सुजले, सकाळी भाकरी थापता येईना, दुखण्याची गोळी रोजची झाली. शेजारी म्हणतात, स्वस्तातल्या गोळीत दम नसतो. डॉक्टरही मागे म्हणाले होते की याच कंपनीची घ्या. तर आता परत महागड्या कंपनीवर जायचं का?

भाऊ, तुमच्या प्रश्नात एक ओळ मध्येच येऊन गेली आहे, आणि माझ्या मते अर्धं उत्तर तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय, 'आधी दर रविवारी पिवळ्या दोन गोळ्या देत होतो, आताही पिवळ्या दोनच देतो.' आणि दोन्ही स्ट्रिपांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवून दिलाय, हे फार बरं केलंत. जुन्या स्ट्रिपवर आहे 7.5 एमजी. नव्या स्ट्रिपवर आहे 2.5 एमजी. म्हणजे आधी रविवारी 15 एमजी पोटात जात होतं, आता जातं 5. डोस एक तृतीयांश झाला आणि दोष बसला जेनेरिकवर, म्हणजे ब्रँडच्या नावाशिवाय मिळणाऱ्या गोळीवर.

हा गोंधळ फार सहज होतो. चिठ्ठीवर '15 एमजी' लिहिलेलं असतं, पण घरात डोस लक्षात राहतो तो गोळ्यांच्या संख्येवर. मेथोट्रेक्सेट आपल्याकडे 2.5, 5, 7.5, 10, 15 एमजी अशा वेगवेगळ्या पॉवरमध्ये मिळतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोळ्या दिसायला सारख्याच, पिवळ्या नि बारीक. दुकान बदललं की पॉवर बदलण्याची शक्यता खूप. तुमच्याकडे चूक कमी डोसच्या बाजूला झाली, त्यातल्या त्यात हे बरं. उलटी चूक जीवघेणी असते. 2.5च्या सहा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या हाती 10ची स्ट्रिप आली आणि त्याने सवयीने सहाच घेतल्या, तर 15च्या जागी 60 एमजी जातात.

मग या आठवड्यात काय करायचं? नाशिकला फोन करून सरळ सांगा की दोन महिने 15च्या जागी 5 एमजी जात होतं. सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड) या तीन तपासण्या करून घ्या. त्या कोणत्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होतात आणि तसंही मेथोट्रेक्सेटवर असलेल्या माणसाच्या दर दोन-तीन महिन्यांनी व्हायलाच हव्यात. तुमच्या मजकुरात शेवटची तपासणी दिवाळीआधीची दिसते, म्हणजे ती लांबलेलीच आहे. शिवाय दोन महिने दुखण्याची गोळी रोज चालली आहे. तिने मूत्रपिंडावर ताण येतो, आणि मेथोट्रेक्सेट शरीराबाहेर पडतं ते मूत्रपिंडातूनच. रिपोर्ट चांगले असतील तर डॉक्टर बहुधा पुन्हा 15 वर नेतील, एकदम की टप्प्याने ते त्यांनी ठरवायचं. बुडालेला डोस भरून काढायला एका रविवारी जास्त गोळ्या देऊ नका, मधल्या वारी तर अजिबात नाही. आणि सूज लगेच उतरेल अशी अपेक्षा धरू नका. मेथोट्रेक्सेटचा पूर्ण परिणाम दिसायला 6 ते 12 आठवडे लागतात. डोस कमी झाल्याचा फटकाही असाच उशिरा, काही आठवड्यांनी बसतो. म्हणूनच तर पहिला महिना बरा गेला आणि तुम्हाला वाटलं की जेनेरिक चाललं, मग अचानक बिघडलं.

आता मूळ प्रश्न. कंपनीची की जेनेरिक? खरं सांगायचं तर आपल्याकडे हा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो तेच शब्द फसवे आहेत. तुम्ही ज्याला 'कंपनीची गोळी' म्हणताय तीही जेनेरिकच आहे. मेथोट्रेक्सेट हे औषध 1940च्या दशकाच्या अखेरीस कर्करोगासाठी आलं. आमवातासाठी त्याला अमेरिकेत 1988मध्ये मान्यता मिळाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 1950च्या दशकातलं. पेटंट कधीच संपली. आज मेडिकलमध्ये मिळणारी यांची जवळजवळ प्रत्येक गोळी म्हणजे कुठल्या तरी भारतीय कंपनीने केलेली नक्कल आहे, नाव मात्र स्वतःचं दिलेलं. त्याला ब्रँडेड जेनेरिक म्हणतात. जनऔषधीची गोळी म्हणजे तेच औषध, ब्रँडच्या नावाशिवाय.

मधे तिसरा एक प्रकार आहे आणि गल्लत खरी तिथे होते. काही कंपन्या डॉक्टरांकडे प्रतिनिधी न पाठवता माल थेट होलसेलमधून दुकानात सोडतात. याला ट्रेड जेनेरिक म्हणतात. यावरही ब्रँडसारखं नाव असतं, छापील किंमतही ब्रँडच्या आसपास असते, पण दुकानदाराला ती फार कमी भावात पडते. मग तो तुम्हाला '20 टक्के सूट' देतो आणि तुम्ही खूश. त्यामुळे 'जेनेरिक आणलं पण फारसं स्वस्त पडलं नाही' असं कुणी म्हणालं की समजायचं, सूट मिळाली पण फरकाचा मोठा वाटा दुकानातच राहिला. औषध वाईटच असेल असं नाही. भाव मात्र पडताळून बघा. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाचं 'फार्मा सही दाम' हे अ‍ॅप त्यासाठीच आहे. मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन ही आमवाताची तिन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यामुळे यादीतल्या पॉवरना सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेली असते.

जनऔषधी योजना 2008मध्ये सुरू झाली. केंद्रांवर येणारा माल जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्पादन निकषांत बसणाऱ्या कारखान्यांकडून घेतला जातो आणि प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पुढे जाते. कागदावर ही व्यवस्था चांगली आहे, आणि माझा एकंदर अनुभवही चांगला आहे. अडचण दर्जापेक्षा साठ्याची जास्त येते. या महिन्यात 7.5 मिळतं, पुढच्या महिन्यात फक्त 2.5 असतं, त्यापुढे काहीच नसतं. तुमच्या घरचा गोंधळ बहुधा असाच झाला असणार. 'जनऔषधी सुगम' अ‍ॅपवर जवळचं केंद्र, औषध आणि किंमत शोधता येते, पण तरी निघण्याआधी केंद्रावर फोन करून नेमकी पॉवर आहे का ते विचारा. नाहीतर चोपड्याहून जळगावला हेलपाटा मारायचा आणि एसटीचं भाडंच औषधापेक्षा जास्त व्हायचं.

'दम नसतो' या बोलण्याचाही नीट विचार करू. ते अगदीच बिनबुडाचं नाही, पण लोक समजतात तसंही नाही. नक्कल केलेल्या औषधासाठी जी समतुल्यता चाचणी असते तिच्यात निरोगी माणसांना दोन्ही गोळ्या देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगाने पोचलं ते मोजतात. तिथे '80 ते 125 टक्के' ही मर्यादा असते. ती ऐकून लोक म्हणतात, बघा, 20 टक्के कमी चालतं. तसं नसतं. ही मर्यादा नुसत्या सरासरीला लावत नाहीत. मोजणीत जी अनिश्चितता धरावी लागते ती खालच्या आणि वरच्या टोकासकट या चौकटीत बसावी लागते. सरासरीच 20 टक्के कमी आली तर ते औषध चाचणीत नापास होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1996 ते 2007 या काळातल्या 2070 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा शरीरात पोचलेल्या एकूण औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. इतका फरक तर गोळी उपाशीपोटी घेतली की जेवणानंतर, यानेही पडू शकतो.

पण हे आकडे अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधांचे आहेत, तेही सांगायला हवं. आपल्याकडे बरीच वर्षं नियम सैल होता. नवं औषध बाजारात येऊन चार वर्षं उलटली की पुढच्या कंपन्यांना ही चाचणी न करताही परवाना मिळत असे. एप्रिल 2017 पासून पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या गटांना ती सक्तीची झाली. त्यामुळे जुन्या परवान्यावर चालणाऱ्या सगळ्याच गोळ्यांची अशी चाचणी झालेली असेल, अशी हमी मी देत नाही. फक्त लक्षात घ्या, ही शंका जनऔषधीच्या गोळीला जेवढी लागू तेवढीच चकचकीत ब्रँडला. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढते, आणि तिच्यात नामांकित ब्रँडच्या बॅचही सापडतात. किंमत ही दर्जाची खूण नाही, एवढं पक्कं.

मग डॉक्टर 'याच कंपनीची घ्या' का म्हणतात? कारणं तीन-चार असतात आणि सगळी सारखी नसतात. एक रास्त कारण म्हणजे एकच कंपनी ठरली की पॉवर, रंग, आकार बदलत नाही आणि तुमच्यासारखा गोंधळ टळतो. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत हे कारण मला पूर्ण पटतं. दुसरं, सवय. तिसरं, एखादी कंपनी फक्त दवाखान्यासमोरच्याच दुकानात मिळत असेल तर त्यामागचं कारण तुमचं तुम्ही ओळखा. यावर उपाय वाद घालण्यात नाही. डॉक्टरांना सांगा, 'ब्रँड लिहा, पण खाली घटकाचं नाव, एमजी आणि गोळ्यांची संख्याही लिहा.' घटकाचं नाव नसेल तर कायद्याने दुकानदाराला चिठ्ठीतल्या ब्रँडच्या जागी दुसरं औषध देता येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या अशा शेड्यूल एचच्या औषधांना तो नियम आहे. डॉक्टरांनी घटकाच्याच नावाने लिहावं असा नियम ऑगस्ट 2023मध्ये आला होता, पण त्याच महिन्यात तो स्थगित झाला. त्यामुळे हे मागून घ्यावं लागतं. मी स्वतः चिठ्ठीवर असं लिहितो: 'मेथोट्रेक्सेट 7.5 एमजी, 2 गोळ्या, फक्त रविवारी, एकूण 15 एमजी, रोज नाही.' 'रोज नाही' हे दोन शब्द लिहायला दोन सेकंद लागतात.

स्ट्रिप वाचायलाही शिका, कठीण नाही. सप्टेंबर 2018 पासून घटकाचं नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापणं बंधनकारक आहे. म्हणून चमकदार नावाकडे न बघता त्याच्या जवळचं ठळक नाव आणि शेवटचा आकडा बघा. घटक तोच, आकडा तोच, गोळीचा प्रकार तोच, मुदत बाकी. एवढं जुळलं की कंपनी कुठलीही असो, माझी हरकत नसते. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर येतो. पुढे काही बिघडलं तर त्या एका नंबरावरूनच शोध घेता येतो.

प्रकाराचा मुद्दा मेथोट्रेक्सेटला फारसा लागू नाही, पण आमवाताच्या इतर औषधांना आहे. सल्फासॅलाझिनची गोळी पोटात न विरघळता आतड्यात विरघळावी म्हणून तिच्यावर खास आवरण असतं. आवरण नसलेली साधी गोळी आणली तर मळमळ, पोटदुखी वाढते आणि लोक म्हणतात जेनेरिक बाधलं. ती गोळी मोडायची किंवा कुटायचीही नसते. टोफासिटिनिबची 5 एमजीची गोळी दिवसातून दोनदा घेतात, 11 एमजीची हळूहळू सुटणारी असते आणि ती दिवसातून एकदाच. यांची अदलाबदल दुकानात करायची नाही. दुखण्याच्या गोळ्यांतही 'एसआर' (हळूहळू सुटणारी) लिहिलेली आणि साधी यांत फरक असतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन 200, 300 आणि 400 अशा पॉवरमध्ये येतं. डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ नये म्हणून ते रोज किलोमागे 5 एमजीपेक्षा जास्त द्यायचं नाही. मायचं वजन 48, म्हणजे वरची मर्यादा 240. त्यांना 200 बरोबर बसतं. दुकानात '200 नाही, 400 घेऊन जा' म्हणाले तर नको म्हणा.

आता मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक अ‍ॅसिड. दोन्ही पिवळ्या, दोन्ही लहान. एकाच डब्यात, एकाच पिशवीत ठेवल्या की कधीतरी उलटसुलट होणारच. मेथोट्रेक्सेट रोज आणि फॉलिक आठवड्याला एकदा, अशी अदलाबदल होते आणि आठ-दहा दिवसांत तोंड सोलून निघतं. म्हणून मेथोट्रेक्सेटची स्ट्रिप वेगळ्या डब्यात, तीही ज्याला वाचता येतं त्याच्या ताब्यात. वार एकच ठेवा. वार ठरवताना गावाच्या आठवडे बाजाराचा दिवस धरला तर बायाबापड्यांच्या लक्षात राहतो, घरात नुसतं 'बाजारची गोळी' म्हटलं तरी पुरतं. फक्त मग बाजार एकाच गावचा धरा. आपल्याकडे सोमवारी एका गावचा बाजार करून गुरुवारी दुसऱ्या गावचा करणारी माणसं आहेत, आणि तेव्हा ही युक्ती उलटू शकते. फॉलिक अ‍ॅसिड बहुतेक डॉक्टर मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून इतर दिवशी देतात. तुमच्या चिठ्ठीत काय लिहिलंय तेच पाळा.

तोंडात फोड, ताप, अंगावर लाल-जांभळे ठिपके, काळी शौच, कोरडा खोकला आणि धाप, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना गाठा. चुकून जास्त मेथोट्रेक्सेट गेलं असेल तर त्यावर ल्युकोव्होरिन नावाचा उतारा असतो, पण तो जितका लवकर तितका उपयोगाचा. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्र असली तरी तिथे जा, सकाळची वाट बघू नका. आणखी एक, लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी कुणी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक देऊ लागलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे आधी सांगा. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तपेशी धोकादायक खाली जाऊ शकतात, मग मेथोट्रेक्सेट कुठल्याही कंपनीचं असो.

आपल्या भागातला उन्हाळा हाही एक मुद्दा आहे, आणि पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांच्या तो लक्षात येतोच असं नाही. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45च्या पुढे जातो. केळीच्या बागेत दिवसभर राबलेला माणूस पाणी कमी पितो, लघवी कमी होते, वर दुखण्याची गोळी. अशा वेळी नेहमीचाच डोस अंगावर येऊ शकतो. उलट्या-जुलाब, कडक ताप किंवा उष्माघाताचा त्रास झालेल्या आठवड्यात मेथोट्रेक्सेट घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. एखादा आठवडा चुकल्याने आमवात भडकत नाही. गोळ्या ठेवायची जागाही बघा. चुलीवरची फळी, पत्र्याखालचं कपाट, मोटरसायकलची डिक्की, या जागा नकोत. माठाजवळचा कोपरा गार असतो, पण ओल लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ठेवत असाल तर तिथे चालेल.

मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची. कुपीवर एका मिलिलिटरमध्ये किती एमजी आहेत ते कंपनीगणिक बदलतं. 25 एमजी प्रति मिलिलिटरची कुपी असेल तर 15 एमजीसाठी 0.6 मिलिलिटर लागतं. 40 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर ते 24व्या रेघेवर येतं, 100 युनिटच्या सिरिंजवर 60व्या. कुपी बदलली किंवा सिरिंज बदलली तर जुन्या रेघेवर विसंबू नका, हिशेब नव्याने करून घ्या आणि सिस्टरकडून एकदा तपासून घ्या.

आमवातावरच्या बायोलॉजिक इंजेक्शनांचा मामला वेगळा आहे. ती जिवंत पेशींमध्ये तयार होतात, त्यामुळे त्यांची हुबेहूब नक्कल होत नाही. जवळची होते, तिला बायोसिमिलर म्हणतात. आपला देश यात मागे नाही. अ‍ॅडालिमुमॅब या बायोलॉजिकचं जगातलं पहिलं बायोसिमिलर डिसेंबर 2014मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने भारतातच आणलं. डॉक्टरांनी ठरवून बायोसिमिलर सुरू केलं किंवा बदललं तर घाबरण्याचं कारण नाही. मात्र दुकानदाराने परस्पर बदलायचं नाही, आणि दर महिन्याला वेगळं तर नाहीच. इथे औषध कायम 2 ते 8 अंशांत थंड राहणं त्याच्या नावापेक्षा महत्त्वाचं. नाशिकहून किंवा सुरतहून आणताना बर्फाच्या थेट संपर्कात ठेवलं तर ते गोठून वाया जातं, नुसत्या पिशवीत आणलं तर उष्णतेने. फ्रीजमध्ये दारात किंवा बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवू नका. लाइट बराच वेळ गेली असेल तर फ्रीज उघडझाप करू नका.

एक प्रकार जेनेरिकच्या नावाखाली खपतो पण तो जेनेरिक नव्हे. बिनलेबलची पुडी, डबीतल्या सुट्या गोळ्या, 'वाताची खास दवा'. दोन दिवसांत माणूस उठून कामाला लागतो, आणि लोक म्हणतात बघा, डॉक्टरचं औषध चार महिन्यांत जे करू शकलं नाही ते याने केलं. असल्या पुड्यांमध्ये बरेचदा स्टेरॉइड किंवा दुखण्याची गोळी कुटून घातलेली असते. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि अचानक बंद केली तर अंगातून त्राण जातं, रक्तदाब कोसळतो, म्हणून कुणी ती महिनोन्महिने घेत असेल तर झटक्यात न थांबवता डॉक्टरांना पुडी दाखवून उतरवायची. ज्या औषधावर घटक लिहिलेला नाही त्याची कंपनीच्या किंवा जनऔषधीच्या गोळीशी तुलनाच होऊ शकत नाही.

बदल करायचाच असेल तर कसा करावा? तुम्ही सगळी औषधं एकाच दिवशी बदललीत, त्यामुळे बिघडलं तर कशाने ते कळायला मार्ग उरला नाही. एका वेळी एकच औषध बदला आणि दोन ते तीन महिने बघा. आधी फॉलिक अ‍ॅसिड, अ‍ॅसिडिटीची गोळी, मग हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, शेवटी मेथोट्रेक्सेट. बदलण्याआधी आठवडाभर आणि बदलल्यावर दर रविवारी चार गोष्टी वहीत लिहा: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं राहतो, किती सांधे सुजलेत, दुखण्याची गोळी आठवड्यात किती वेळा लागली, आणि रोजचं एखादं काम. मायसाठी भाकरी हेच उत्तम माप आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी दोन्ही हातांनी थापता आली की बोटांनी चिमटून परातीतून उचलावी लागली, हे कुठल्याही रिपोर्टइतकं बोलतं. बांगडी चढते का, तेही बघा. ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या बदलाआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा पुरे.

हे लिहून ठेवायला सांगतो याला कारण आहे. 'स्वस्त गोळी, दम नाही' असं मनात धरून घेतलेली चांगली गोळीही बाधल्यासारखी वाटते, आणि हा खोटेपणा नसतो, त्रास खरोखर जाणवतो. शिवाय आमवात आपल्या चालीने चढतो-उतरतो. तुमच्या मायचे दोन महिने कापूस वेचणीचे होते. दिवसभर बोंडं खुडणाऱ्या बोटांना थंडीत सूज येणं नवल नाही. चिकनगुनिया होऊन गेला असेल तरी सांधे महिनोन्महिने धरतात. यातलं काय आणि डोस कमी झाल्याचं काय, हे वहीशिवाय उलगडत नाही. डोस बरोबर असताना, तीन महिने नियमित घेऊनही, सूज आणि सीआरपी दोन्ही वाढले तर मात्र मी स्वतः सांगेन की कंपनी बदलून बघा, आणि बॅच नंबरासकट तक्रार करा. औषधांच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा सरकारी टोल फ्री क्रमांक आहे.

तर परत महागड्या कंपनीवर जायचं का? माझं मत: नाही. महिन्याचे सातशे रुपये वाचत असतील तर ते तपासण्यांना आणि नाशिकच्या फेरीला लावा. महाग औषध महिन्यातून दहा दिवस बुडवण्यापेक्षा स्वस्त औषध एकही दिवस न चुकवता घेतलेलं केव्हाही सरस. ही बुडवाबुडवी मी ब्रँड घेणाऱ्यांतच जास्त बघतो, विशेषतः पेरणीच्या दिवसांत, जेव्हा हातात पैसा नसतो. मात्र जनऔषधीत 7.5ची गोळी नियमित मिळत नसेल तर मेथोट्रेक्सेट तेवढं कंपनीचं ठेवा आणि बाकीचं जनऔषधीतून आणा. त्यात कमीपणा काही नाही. चार आठवड्यांचा साठा हाती ठेवा, दोन आठवडे उरले की पुढचं आणा. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माय माहेरी जाणार असतील तर स्ट्रिप सोबत द्या, तिकडच्या मेडिकलवर सोडू नका.

आता घरात उरलेल्या स्ट्रिपांचं. 7.5च्या किती गोळ्या उरल्यात ते मोजा. डॉक्टरांनी 15 एमजी पुन्हा सुरू करायला सांगितलं की मुदत बघून आधी त्याच संपवा, दर रविवारी दोन. 2.5ची स्ट्रिप तोवर घरातल्या दुसऱ्या कुणाकडे, वेगळ्या डब्यात राहू द्या. घरात एका वेळी एकाच पॉवरचं मेथोट्रेक्सेट वापरात असावं. 2.5च वापरायचं ठरलं तर रविवारी सहा गोळ्या होतात. सहा म्हटलं की माय घाबरतील, तेव्हा त्यांना समोर बसवून जुन्या दोन आणि नव्या सहा गोळ्या शेजारी मांडून दाखवा आणि स्ट्रिपच्या मागे मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: रविवार, 6.